पहिली टाकी निवडताना ती रिकामी झाल्यावर कशी वागते ते आधी पाहा

तुमचा प्रश्न असा: स्क्यूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स झाला, अठरा डाइव्ह झाल्या, आता स्वतःची पहिली टाकी घ्यायची आहे. ॲल्युमिनिअमची घ्यावी की स्टीलची, आणि किती लिटरची? उंची पाच फूट दोन इंच, वजन ५२ किलो. सरासरी बारा मीटर खोलीवर तुमची हवा ३३ मिनिटांत २०० बारवरून (बार हे दाबाचं माप) ५० बारवर येते, बाकीच्यांच्या बरीच आधी, म्हणून १५ लिटरची मोठी टाकी मनात आहे. शिवाय ओळखीतलं कुणी १९८६ सालची ॲल्युमिनिअमची टाकी ‘जवळजवळ न वापरलेली’ म्हणून स्वस्तात देतंय, ती घ्यावी का?

जुन्या टाकीचं उत्तर लगेच देते: घेऊ नका. कारण पुढे सांगते. बाकीच्याला जरा वेळ लागेल, कारण तुम्ही विचारलंय टाकीबद्दल, पण खरी अडचण तुमच्या श्वासाची आणि वजनाची आहे असं मला वाटतं. मी बावीस वर्षं डायव्हिंग शिकवते आहे आणि बरीच वर्षं टाक्या आतून तपासायचं कामही करते. पहिली टाकी चुकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, आणि बहुतेकांची चूक एकच होती. दुकानात भरलेली टाकी उचलून पाहिली आणि घेतली. पण डाइव्हच्या शेवटी, पाच मीटरवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या थांब्याला, थांबलेले असताना पाठीवर जी जवळजवळ रिकामी टाकी असते, तिचा विचार कुणी केलेला नसतो.

आधी एक गोष्ट, कारण घरचे, शेजारी सगळे तिला ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणतात. तिच्यात साधी हवाच असते, दाबून भरलेली, गाळलेली आणि कोरडी केलेली. २१ टक्के ऑक्सिजन, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखा काम करू शकतो. झटके येतात, आणि पाण्याखाली झटका येणं म्हणजे बुडणं. तेव्हा टाकी भरून आणायला दुसऱ्या कुणाला पाठवलंत, तर ‘ऑक्सिजन भरून आण’ असं चुकूनही सांगू नका.

आता टाकी घ्यायचीच का, इथून सुरुवात करू. हे मी टाकीकडे बघून ठरवत नाही, हवा कुठे भरून मिळणार ते बघून ठरवते. तुमच्या डाइव्ह मुख्यतः सहलींवर होत असतील, बोटीवरून, तर टाकी आणि पाण्यात खाली राहायला कमरेला बांधायचं शिसं तिथे मिळतंच. विमानात टाकी न्यायची तर ती पूर्ण रिकामी करून, सहसा व्हॉल्व्ह काढून न्यावी लागते. तिथे पोचल्यावर व्हॉल्व्ह पुन्हा बसवायला जाणकार माणूस शोधा, आणि सामानाच्या वजनाची मर्यादा त्या एका नगातच संपलेली असते. अशा माणसाने आधी मास्क, मग खोली-वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर, मग रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, घ्यावा. टाकी त्याच्या यादीत शेवटी येते किंवा येतच नाही. पण तुम्ही एकाच किनाऱ्यावर किंवा तलावात वरचेवर उतरत असाल आणि हवा भरून देणारा जाता-येता वाटेत असेल, तर स्वतःची टाकी फार सुखाची. वजनाचा हिशेब प्रत्येक डाइव्हला सारखा राहतो आणि टाकीचा इतिहास तुम्हाला माहीत असतो.

भरणाऱ्याकडे मात्र टाकी घेण्याआधी जा. तो किती बारपर्यंत भरतो, कोणता व्हॉल्व्ह चालतो, कोणते शिक्के आणि किती जुनी चाचणी मान्य करतो, आणि त्याच्या हवेची तपासणी शेवटची कधी झाली, एवढं विचारा. माझ्या एका विद्यार्थ्याने हौसेने ३०० बारची जाड भिंतीची टाकी घेतली. जवळचा कॉम्प्रेसर २०० वरच थांबायचा. तो कायम दोन तृतीयांश भरलेली टाकी आणि तिचं पूर्ण वजन वाहत राहिला.

हवेच्या तपासणीचा प्रश्न विचारायला लाजू नका. कॉम्प्रेसर हवा ओढतो तिथे इंजिनाचा धूर येत असेल, किंवा आतलं तेल तापून जळत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड टाकीत जातो. त्याला वास नसतो. वर निभावून जाईल एवढं प्रमाण ३० मीटरवर शरीरावर चौपट जोराने काम करतं, कारण तिथे दाबच चौपट असतो. हवेला तेलकट वास आला तर ती टाकी तोंडाला लावायचीच नाही, पण वास नाही म्हणजे हवा चांगली असंही नाही. टायरमध्ये हवा भरायच्या किंवा रंग फवारायच्या कॉम्प्रेसरचा तर विचारही नको.

आता तुमची हवा लवकर का संपते ते बघू. तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत. तुम्ही वापरता ती भाड्याची टाकी बहुधा नेहमीची ॲल्युमिनिअम ८०, म्हणजे पाण्याच्या मापाने ११.१ लिटरची. १५० बार गुणिले ११.१, म्हणजे सुमारे १६६५ लिटर हवा ३३ मिनिटांत गेली. मिनिटाला पन्नास लिटर. बारा मीटरवर दाब २.२ बार असतो, तेव्हा पृष्ठभागाच्या हिशेबाने तुम्ही मिनिटाला साधारण २३ लिटर घेता. अठरा डाइव्ह झालेल्या माणसाला यात काही वावगं नाही. मी शिकवलेल्यांपैकी बरेच जण सुरुवातीला २० ते २५ च्या घरात असतात आणि पन्नासेक डाइव्हनंतर पंधरा-सतरावर येतात.

आता हा हिशेब दोन बाजूंनी करून बघा. १५ लिटरची टाकी २०० बारला भरून घेतलीत, श्वास आहे तसाच ठेवलात, तर ५० बारवर यायला सुमारे ४४ मिनिटं लागतील. आणि टाकी आहे तीच ठेवून श्वास २३ वरून १७ वर आणलात, तरीही ४४ मिनिटंच लागतील. पहिल्या मार्गाने तुमच्या पाठीवर रिकामीच सोळा किलोंच्या पुढची टाकी येते, वर साडेतीन किलो हवा. तुमचं वजन ५२. दुसऱ्या मार्गाने पाठीवर काहीच वाढत नाही.

श्वास कमी करायचा म्हणजे रोखून धरायचा नाही, हे इथे स्पष्ट लिहिते, कारण कुणी तरी तसा अर्थ काढतंच. कॉम्प्रेस्ड हवेवर श्वास रोखून वर येणं जिवावर बेततं. हवा खाते ती धडपड. जादा शिसं लावलेलं असतं, ते तोलायला बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगणं कमी-जास्त करायच्या जाकिटात, जादा हवा भरलेली असते, मग पाय खाली आणि छाती वर असं तिरकं पोहणं चालतं, आणि प्रत्येक लाथेला पाण्याचा विरोध. मी ज्यांची हवा लवकर संपते त्यांच्या कमरेचं शिसं आधी मोजते. दोन-तीन किलो जादा निघणं हे नेहमीचंच. ते काढलं की त्याच दिवशी दुसऱ्या डाइव्हला पाच-सात मिनिटं वाढलेली मी कितीदा पाहिली आहेत.

इथून टाकीच्या धातूचा प्रश्न येतो, आणि तो मी वजनाचा प्रश्न म्हणूनच सोडवते.

ॲल्युमिनिअम हलका धातू, म्हणून टाकी हलकी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ॲल्युमिनिअम स्टीलपेक्षा कमकुवत, तेव्हा तोच दाब सांभाळायला भिंत खूप जाड ठेवावी लागते. ॲल्युमिनिअम ८० ची भिंत सुमारे १२ मिलिमीटर, तर स्टीलच्या टाकीची चार-पाच मिलिमीटर. जमिनीवर ॲल्युमिनिअम ८० रिकामी चौदा किलोंच्या वर असते. व्हॉल्व्ह आणि हवा धरून साडेसतरा किलोंच्या आसपास, म्हणजे तुमच्या वजनाच्या एक तृतीयांश. पण जाड भिंतीमुळे ती जागाही जास्त व्यापते, म्हणून पाण्यात उलटं होतं. समुद्राच्या पाण्यात भरलेली असताना ती अर्धा-पाऊण किलोने बुडती असते, आणि पूर्ण रिकामी झाली की साधारण दोन किलोंनी तरंगती.

हा फरक हवेच्या वजनाचा. हवेला वजन असतं हे शाळेत शिकतो, पण पाठीवर कळतं ते डायव्हिंगमध्येच. त्या टाकीतली हवा अडीच किलोंहून जास्त भरते आणि डाइव्हभर तुम्ही ती बुडबुडे करून सोडून देत असता. म्हणूनच डाइव्हच्या शेवटी टाकीचं बूड वर उचललं जातं आणि नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी मला वर ओढतंय. ते तरंगणं रोखण्यापुरतं शिसं तुम्हाला सुरुवातीपासून कमरेला बांधून न्यावं लागतं.

स्टीलची टाकीही तेवढीच हवा गमावते, पण ती सुरुवातीला जास्त बुडती असते. बनावटीनुसार आकडा बदलतो. ढोबळ सांगायचं तर रिकामी स्टीलची टाकी पाण्यात एक तर तोललेली राहते, नाहीतर किलो-दोन किलोंनी बुडतीच राहते. म्हणून ॲल्युमिनिअमवरून स्टीलवर आलात की कमरेचं दोन ते तीन किलो शिसं उतरतं. जाड सूटवाल्याला हे वरदान आहे. सात मिलिमीटरचा सूट किंवा अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूट माणसाला इतका तरंगवतो की त्याला शिसं लागतंच. त्यातलं थोडं वजन टाकीच्या रूपाने पाठीवर गेलं, तर कंबर सुटते आणि अंग आडवं राहतं.

पातळ सूटमध्ये मात्र नाकापेक्षा मोती जड. एक प्रसंग सांगते. तीन मिलिमीटरचा सूट घातलेला, अंगाने बारीक मुलगा, पाठीवर नवी कोरी १५ लिटरची स्टील टाकी. कमरेला शिसं अजिबात नाही, आणि त्याचा त्याला अभिमान. उडी मारली आणि बीसीडीची नळी खांद्याजवळच्या सांध्यातून निघाली. बीसीडीतली सगळी हवा भसकन गेली. अशा वेळी पहिलं काम शिसं सोडायचं. त्याचा हात कमरेकडे गेला आणि तिथे सोडायला काही नव्हतंच. सगळं जड ते पाठीवरच्या टाकीत होतं, पट्ट्यांनी अंगाला बांधलेलं. तो पायांच्या जोरावर नाक पाण्याबाहेर ठेवत होता, तोंडात रेग्युलेटर घ्यायचंही विसरला होता. आम्ही दोघींनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं, रेग्युलेटर तोंडात दिला, आणि पाण्यातच बीसीडीचे बंद सोडवले. बोट दहा मीटरवर होती म्हणून हे निभावलं.

तेव्हापासून मी एक हिशेब सगळ्यांना लावते. तुमचा सूट, तुमचं अंग आणि रिकामी टाकी एवढं धरून पाण्यात तोल साधायला कमरेला किमान दोन किलो सोडता येण्याजोगं शिसं लागलं पाहिजे. लागत नसेल तर ती टाकी तुमच्यासाठी जड आहे, मग ती कितीही छान का असेना.

तुम्ही सूट किती जाडीचा घालता हे लिहिलेलं नाही, आणि माझं उत्तर तिथेच दोन वाटांना जातं. पाणी उबदार असेल आणि सूट तीन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल, तर तीच साधी ॲल्युमिनिअम ८० घ्या. तिची सवय तुम्हाला आहे, जगात जिथे जाल तिथे भाड्याने बहुधा तीच मिळेल, आणि खारट हवेतल्या निष्काळजीपणाला ती स्टीलपेक्षा जास्त माफ करते. उंचीला ती लांब वाटत असेल, बूड पाठीखाली लागत असेल, तर बीसीडीचा पट्टा टाकीवर जरा खाली बांधून बघा, आणि मान मागे नेल्यावर डोकं व्हॉल्व्हला आपटत नाही ना तेही बघा.

सूट पाच मिलिमीटर किंवा जास्त असेल तर तुमच्या अंगकाठीला मी १० लिटरची स्टील टाकी सुचवेन. १० हा आकडा ११.१ पेक्षा लहान वाटतो, पण २३२ बारची टाकी घेतलीत आणि भरणारा २३२ पर्यंत खरंच भरत असेल, तर ५० बार राखून १८२० लिटर हवा हाती येते. ॲल्युमिनिअममध्ये २०० बारला १६६५ येत होती. जमिनीवर ती तीनेक किलोंनी हलकी आणि लांबीला आखूड. किनाऱ्यावरून दगडातून चालत पाण्यात उतरायचं असेल तर हा फरक गुडघ्यांना लगेच कळतो. भरणारा २०० वरच थांबत असेल तर १२ लिटरचा विचार करा, पण आधी एकदा भाड्याने घेऊन. १५ लिटर तुमच्यासाठी नाही. पुढे खोल डाइव्ह सुरू झाल्या तरी त्या वेळी दुसरे मार्ग असतात, पाठीवर मोठी टाकी हा त्यातला शेवटचा.

मापांच्या नावांनी गोंधळ होतो, तेव्हा थोडं त्याबद्दल. युरोपीय पद्धतीत टाकीत पाणी किती मावेल ते लिटरमध्ये सांगतात. अमेरिकी पद्धतीत पूर्ण दाबाला भरल्यावर त्यातून किती घनफूट हवा निघेल ते सांगतात. ॲल्युमिनिअम ८० मधले ८० म्हणजे घनफूट, तेही बोलायला सोपे म्हणून गोल केलेले. प्रत्यक्षात ३००० पीएसआयला, म्हणजे २०७ बारला, ती ७७.४ घनफूट देते. दोन टाक्यांची तुलना करताना नेहमी लिटर गुणिले तुम्हाला प्रत्यक्ष मिळणारा दाब, एवढाच गुणाकार करा. आणि हा दाब टाकी थंड झाल्यावरचा हवा. भराभर भरलेली टाकी तापते, मीटरवर २०० दिसतात आणि पाण्यात उतरेपर्यंत १८५-१९० होतात. भरणाऱ्याने फसवलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा त्याने फक्त घाई केलेली असते.

व्हॉल्व्हचं उत्तर सोपं आहे. योक प्रकारात रेग्युलेटर व्हॉल्व्हला शिकंज्यासारखा धरतो, डिन प्रकारात तो आत आट्यांनी फिरवून बसवतात. डिन जास्त भरवशाचा, कारण हवा गळू न देणारी रबरी कडी, ओ-रिंग, आत बंदिस्त राहते आणि कुठे आपटलं तरी निसटत नाही. योक जास्त ठिकाणी मिळतो. २०० किंवा २३२ बारचा असा व्हॉल्व्ह मिळतो ज्यात मधला तुकडा षटकोनी किल्लीने काढला की डिन होतो, बसवला की योक. तोच घ्या. तुमचा रेग्युलेटर अजून ठरायचा आहे, तेव्हा दोन्ही वाटा मोकळ्या राहतील. ३०० बारच्या डिन व्हॉल्व्हला हा तुकडा बसत नाही.

एक ताकीद मात्र गांभीर्याने घ्या. टाकीच्या गळ्याचे आटे वेगवेगळ्या मापाचे असतात. एम २५ मेट्रिक आणि पाऊण इंची आटे दिसायला इतके सारखे की चुकीचा व्हॉल्व्ह काही फेरे आत जातो, बसला असं वाटतं, आणि दाब भरताना गोळीसारखा सुटतो. अशाने माणसं मेली आहेत. टाकी आणि व्हॉल्व्ह वेगवेगळे विकत घेऊन घरी जोडायचे नाहीत. गळ्यावर आणि व्हॉल्व्हवर आट्यांचं माप कोरलेलं असतं, ते जुळतंय हे तपासणाऱ्याने पाहिल्यावरच जोडायचं.

आता ती १९८६ ची टाकी. त्या काळात ॲल्युमिनिअमच्या बऱ्याच टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या असत. पुढे लक्षात आलं की वर्षानुवर्षं दाबाखाली राहिल्यावर या मिश्रधातूच्या काही टाक्यांना गळ्याच्या आतल्या बाजूने, आट्यांपाशी, केसासारख्या चिरा जातात आणि हळूहळू वाढतात. काही टाक्या भरताना फुटल्या, माणसं जखमी झाली, काही दगावली. लक्सफर कंपनीने अमेरिकेत १९८८ मध्ये डायव्हिंगच्या टाक्यांसाठी ६०६१ मिश्रधातू घेतला, ज्यात हा दोष दिसत नाही. इतर काही ठिकाणी हा बदल आणखी उशिरा झाला. ‘जवळजवळ न वापरलेली’ हे इथे गुण म्हणून धरू नका. ही चीर पाण्यात उतरण्याने वाढत नाही, भरून ठेवल्याने वाढते. कोपऱ्यात तीस वर्षं भरलेली उभी राहिली असेल तर धातू त्या सगळ्या काळात ताणाखालीच होता. अशा टाक्यांच्या गळ्याची एडी करंट नावाची विद्युत तपासणी करता येते आणि अमेरिकेत ती या मिश्रधातूसाठी सक्तीची आहे, पण ती झाली तरी बरेच भरणारे १९९० च्या आधीची ॲल्युमिनिअम टाकी हातात घ्यायला तयार नसतात. टाकी फुटली तर समोर तेच उभे असतात, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही.

जुनी टाकीच नको असं मी म्हणत नाही. दहा-बारा वर्षांची, नीट सांभाळलेली टाकी नव्याइतकीच कामाची असते. फक्त विक्रेत्याच्या शब्दावर न जाता आतून बघायला हवी. एकदा माझ्याकडे बाहेरून आरशासारखी चकचकीत स्टीलची टाकी आली. नवा रंग, नवी जाळी, बुडाला नवं रबरी बूट. पूर्ण रिकामी करून व्हॉल्व्ह उघडला आणि टाकी उलटी धरली, तर चहाच्या रंगाचं चमचाभर पाणी कापडावर पडलं, त्यात तांबूस पापुद्रे. आत बारीक दिवा सोडला आणि आरसा धरला. टाकी आडवी पडून होती ती बाजू वरपासून खालपर्यंत देवीच्या व्रणांसारखी खड्ड्यांनी भरलेली. रबरी बूट काढलं तर बाहेरूनही तीच कथा, खारं पाणी आत अडकून बुडाचा रंग फोड आल्यासारखा सुटला होता. ती टाकी मी नापास केली. ज्याने विकली त्याला हे माहीत नसेलही, पण घेणाऱ्याने पैसे मोजल्यावर तपासणीला आणली होती, आधी नाही.

स्टीलच्या गंजाची आणखी एक बाजू कमी लोकांना माहीत असते. गंजायला ऑक्सिजन लागतो, आणि बंद टाकीत तो मिळतो तुमच्या हवेतूनच. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या, आतून गंजणाऱ्या टाकीतल्या हवेत ऑक्सिजन धोकादायकरीत्या कमी झालेला असू शकतो. मीटरवर दाब व्यवस्थित दिसतो, हवेला वास नसतो, आणि माणूस श्वास घेता घेता बेशुद्ध होतो. म्हणून जुन्या टाकीत उरलेली हवा कधीही ओढून बघू नका.

टाकीच्या खांद्यावरचे कोरलेले शिक्के वाचायला शिका. अमेरिकी खुणांमध्ये ३एएल म्हणजे ॲल्युमिनिअम, ३एए म्हणजे स्टील. पुढे भरण्याचा दाब, अनुक्रमांक, आणि महिना-वर्ष अशी हायड्रोटेस्टची तारीख. युरोपीय टाकीवर लिटर, भरण्याचा दाब आणि चाचणीचा दाब कोरलेला असतो. हायड्रोटेस्टमध्ये टाकी पाण्याने भरून नेहमीच्या दाबाच्या बऱ्याच वर नेतात. ॲल्युमिनिअम ८० असेल तर ३००० ऐवजी ५००० पीएसआयला. धातू किती फुगला आणि दाब काढल्यावर किती परत आला हे मोजतात. रबरासारखा परत आला तर पास, फुगलेलाच राहिला तर बाद. अनेक देशांत ही चाचणी दर पाच वर्षांनी असते. आतून डोळ्यांनी तपासणी काही ठिकाणी दर वर्षी, ब्रिटनमध्ये दर अडीच वर्षांनी. तुमच्याकडचा नियम भरणाऱ्यालाच विचारा, आणि परदेशातून टाकी मागवायचा मोह होत असेल तर तिचे शिक्के तुमच्या देशात मान्य आहेत का हे आधी बघा. नाहीतर नवी टाकी असूनही ती कुणी भरणार नाही.

जुनी घ्यायचीच तर करार असा करा: तपासणाऱ्याकडे विक्रेत्यासमोर व्हॉल्व्ह उघडायचा, हायड्रोटेस्टची मुदत संपली असेल तर ती करून घ्यायची, पास झाली तरच व्यवहार. नव्याने रंगवलेल्या टाकीबद्दल विशेष सावध राहा. भट्टीत भाजून रंग दिलेला असेल तर ॲल्युमिनिअमची ताकदच गेलेली असू शकते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. आणि काही झालं तरी दाब असलेल्या टाकीचा व्हॉल्व्ह स्वतः काढायला जाऊ नका.

घरी आणल्यावर फार करायचं नसतं. डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुवा, बूट काढून त्याखालीही. पाण्याखाली कधी शेवटच्या श्वासापर्यंत रिकामी करू नका, दाब संपला की पाणी आत शिरतं आणि गंजाची सुरुवात तिथून होते. बरेच दिवस वापरणार नसाल तर वीस-तीस बार ठेवून, उभी, पडणार नाही अशी बांधून ठेवा. गाडीत आडवी, घट्ट अडकवून. उन्हात तापलेल्या बंद गाडीत भरलेली टाकी सोडू नका.

नवी टाकी घेऊन पाण्यात जाल तेव्हा पहिल्या डाइव्हच्या शेवटी, ५० बार उरलेले असताना, उथळ पाण्यात बडीला, म्हणजे जोडीच्या डायव्हरला, जवळ ठेवून तोल तपासा. बीसीडी पूर्ण रिकामी करा, हालचाल थांबवा, नेहमीसारखा श्वास घ्या. श्वास आत घेतल्यावर पाण्याची रेघ डोळ्यांच्या आसपास यायला हवी, आणि सोडल्यावर सावकाश खाली जायला हवं. दगडासारखे खाली जात असाल तर किलोभर शिसं बडीकडे द्या आणि पुन्हा करा. खालीच जाता येत नसेल तर किलोभर मागून घ्या. जमलं की वहीत लिहून ठेवा: कोणती टाकी, कोणता सूट, गोडं पाणी की खारं, किती किलो शिसं. त्याच पानावर मिनिटाला किती लिटर हवा लागली तेही लिहा. दहा डाइव्हनंतर ते २३ कुठे आलेत ते बघा, आणि मोठ्या टाकीचा विचार करायचा तर तेव्हा करा.